पेटीभोवती बदल नाही

काचवाले हे काही त्यांचं आडनाव नाही. चष्म्याच्या काचा घासण्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं गेली, म्हणून इंटरनेटवरच्या एका गटात नाव नोंदवताना त्यांनी हे नाव घेतलं आणि तेच अंगाला चिकटलं. घरी त्यांना या नावाने कोणी हाक मारत नाही. घरी 'अहो' म्हणणारी बायको तेवढी उरली आहे. 'बाळा' म्हणणारी आई चार वर्षांपूर्वी देवाघरी गेली.

गट मोठा जगावेगळा होता. कुणी गॅलरीत, कुणी गच्चीवर, कुणी मागच्या अंगणात तापमान मोजायची घरगुती पेटी टांगलेली, आणि तिथला आकडा दर तासाला सगळ्यांच्या सामाईक वहीत आपोआप जाऊन बसायचा. त्यातून मिळतं काय, असं बायकोने लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी एकदाच विचारलं होतं. काचवाल्यांनी अर्धा तास समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे मिळत काही नाही. तेही खरंच होतं. पण एकमेकांची तोंडं कधी न पाहिलेली ही माणसं एकमेकांना चांगली ओळखत. कुणाच्या पेटीखाली कुत्रं झोपतं, कुणाच्या भिंतीला दुपारचं ऊन लागतं, सगळं ठाऊक. एकाच्या आकड्यांची रेघ एका मंगळवारी सकाळी थांबली ती परत उठलीच नाही, तेव्हा कुणी कळवायच्या आधीच सगळ्यांना कळलं होतं.

काचवाल्यांनी आपली पेटी स्वतःच्या हाताने केली होती. कुंडीखाली ठेवायच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या सात बशा, एकावर एक उपड्या, मधे बोटबोट फट. ऊन आत शिरायचं नाही, वारा मात्र खेळायचा. मधोमध तांदळाच्या दाण्याएवढा तापमान मोजणारा तुकडा, आणि तिथून खिडकीच्या फटीतून एक वायर आतल्या खोलीत, काडेपेटीएवढ्या कॉम्प्युटरला. बारा वर्षांत लाखावर आकडे गेले. एवढं सलग काम त्यांच्या हातून दुसरं झालं नव्हतं. काचा घासल्या त्या लोकांच्या नाकावर गेल्या. कुठली आपली, हे आता कोण सांगणार?

आता मात्र सगळंच थकलं होतं. दोनशे माणसांच्या गटात तीसेक उरली होती. गट सांभाळणारे मास्तर, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले एक विज्ञानशिक्षक, त्यांनी सगळ्यांना लिहिलं की मी दमलो, मशीनही दमलं, आता झाकतो. एका विद्यापीठाचा हवामान विभाग सगळी वही घ्यायला तयार होता; महिनाअखेर द्यायची होती. मात्र ज्या पेटीच्या आकड्यांत कारणाशिवाय उडी दिसेल, ती पेटी ते घेणार नव्हते.

त्याच्या दुसऱ्या दिवशी काचवाल्यांना वेगळं पत्र आलं. मास्तरांचं लिहिणं खडूने फळ्यावर लिहिल्यासारखं, मोजकं. 'तुमच्या गॅलरीत मधली तीन वर्षं कोणी फ्रीज उघडा ठेवला होता का?'

खाली तुलना होती. शहरातल्या इतर पेट्यांशी काचवाल्यांची पेटी रात्री तंतोतंत जुळायची, पण त्या तीन वर्षांत रोज सकाळी दहानंतर ती दीड अंशाने थंड व्हायची आणि चारच्या सुमाराला परत रांगेत यायची. एका सोमवारी हे सुरू झालं, तीन वर्षं एक महिना चाललं आणि एके दिवशी बंद झालं. मास्तरांनी पुढे लिहिलं होतं की कारण सापडलं तर शेजारी लिहू आणि पेटी जाईल. नाही सापडलं तर बाराच्या बारा वर्षं बाहेर. तीन वर्षं जिचं बिनसलं होतं, तिच्या बाकीच्या नऊ वर्षांवर तरी कोणी भरवसा ठेवायचा?

गटाचा नियमच होता. आकडा खोडायचा नाही, चुकला तरी नाही. शेजारच्या रकान्यात कारण लिहायचं. शिवाय दर जानेवारीत एक तक्ता भरायचा असे: वायर बदलली का, तुकडा बदलला का, पेटीभोवती काही बदल झाला का. काचवाले तो तक्ता अगदी प्रामाणिकपणे भरायचे. बाराही वर्षं शेवटच्या प्रश्नाला त्यांचं उत्तर एकच होतं: पेटीभोवती बदल नाही.

तीन आठवडे ते शोधत राहिले. कारखान्यात आठ तास मशीनवर वाकून मान आखडलेली, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी खरखर, आणि घरी येऊन पुन्हा आकडेच. प्रोग्रॅमची एकेक ओळ वाचून झाली. वायर तपासली. कारखान्यात काच यंत्रावर थोडी तिरकी बसली तर त्या दिवसाच्या सगळ्याच काचा सारख्याच तिरक्या निघतात. चूक कशी असते हे त्यांना पोटापाण्याच्या धंद्याने शिकवलेलं. पण ही चूक उन्हाबरोबर यायची आणि उन्हाबरोबर जायची. यंत्राला काय सकाळ-दुपार कळते?

बंद झाल्याची तारीख मात्र त्यांना ओळखीची होती. आई गेली त्याच्या पाचव्या दिवसाची. त्या आठवड्यात त्यांनी पेटीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. म्हणूनच ती तारीख त्यांनी शोधातून बाजूला काढली. ज्या दिवसांत आपला हातच लागला नाही, त्या दिवसांत आपली चूक कशी असेल, असा त्यांचा हिशोब.

शेवटच्या रविवारी सकाळी त्यांनी थर्मासात बर्फाचा चुरा भरला. वितळत्या बर्फात तुकड्याने शून्य दाखवलं तर तुकडा निर्दोष, ही जुनी परीक्षा. बायकोने थर्मास दिला, पण देताना म्हणालीच, "आता पेटीचा पाहुणचार. आम्ही काय, उभ्याने पाणी पिऊ."

काचवाले स्टुलावर चढले, पेटी उतरवली, तुकडा बर्फात बुडवला. आकडा शून्यावर येऊन थांबला. तुकडा निर्दोष. म्हणजे आता तपासायला काही उरलंच नव्हतं. मास्तरांना 'सापडलं नाही' एवढं लिहायचं आणि सुटायचं, असं ठरवून ते स्टुलावरच बसून राहिले. पेटीमागची भिंत कधी नव्हे ती समोर उघडी दिसत होती. पेटीच्या खिळ्यापासून वीतभर अंतरावर एक हूक होता. समोरच्या भिंतीत, त्याच उंचीवर, दुसरा. दोन्ही गंजलेले, आणि त्यांच्याखाली भिंतीवर तांबूस ओघळ.

"अगं, हे हूक कसले?"

बायको आत देवासमोरची जागा पुसत होती. तिथूनच म्हणाली, "आईंच्या चादरींच्या दोरीचे."

"कुठल्या चादरी?"

ती कपडा हातात घेऊनच बाहेर आली. नवऱ्याकडे बघून तिला राग यावा असं त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. खरंच विचारत होता. "आई अंथरुणावर होत्या तेव्हाच्या," ती म्हणाली. "रोज ओल्या व्हायच्या. आतल्या दोरीवर मावायच्या नाहीत. तुम्ही नऊला गेलात की धुवायच्या, दहाला इथे घालायच्या. चारला काढायच्या."

"रोज?"

"मग काय दिवसाआड?"

काचवाल्यांनी मनात आकडा धरला: दहा ते चार. पेटीला खेटून दिवसभर ओलं कापड. वाळता वाळता ते भोवतालची हवा गार करतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. दीड अंश काय, दोनसुद्धा झाले असते.

रविवारी तर ते घरी असायचे. रविवारी दिसल्या असतील. दिसल्याही असणार, पण आतल्या खोलीत पडदा ओढून, कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या रेघेत त्याच गॅलरीचं तापमान बघत बसलेल्या माणसाला दिसून काय उपयोग? रोज संध्याकाळी सातला आल्यावर ते आईच्या कपाळावर हात ठेवायचे, जेवलीस का विचारायचे. ती हो म्हणायची. तिच्या अंगाखालची चादर नेहमी कोरडी आणि स्वच्छ असायची, आणि ती तशी कशी असते, हा प्रश्न त्यांना तीन वर्षांत पडला नव्हता. कुठल्याशा वाऱ्याने आकडा हलला की रात्रीची झोप उडणारा माणूस.

"तारीख कळेल का गं, दोरी कधी बांधली त्याची?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांना स्वतःलाच चोरट्यासारखा वाटला.

तिने कपाटातून जुन्या वह्या काढल्या. रोज संध्याकाळी प्रार्थना झाली की चार ओळी लिहायची तिला सवय होती. वरती देवाचं नाव, खाली दिवस. गुडघ्यावर हात टेकत ती खाली बसली आणि शोधायला लागली. मिळालं तेव्हा वाचून न दाखवता वही पुढे केली.

'सोमवार. आईंना आजपासून उठवत नाही. दोन चादरी धुतल्या. गॅलरीत दोरी बांधली, यांची पेटी न हलवता. देवा, हातांत बळ दे.'

तीच तारीख. काचवाल्यांनी शेवटची वहीही मागितली.

'आईंचं सगळं अंथरूण शेवटचं धुतलं. दोरी सोडली. घरात माणसं होती म्हणून रडता आलं नाही.'

हीही तीच. पेटीची बारा वर्षं बचावली होती. त्यांना आनंद व्हायला हवा होता. मांडीवर वही घेऊन ते बसून राहिले, आणि बर्फ वितळून थर्मासातला आकडा हळूहळू वर चढत गेला तरी त्यांचं लक्ष गेलं नाही.

मग त्यांनी मास्तरांना सगळं लिहिलं. आईचं आजारपण, दोरी, दोन्ही तारखा. मास्तर जागेवरच असावेत. उत्तर लगेच आलं. चादरी किती आणि किती वेळ, ते हवं होतं. काचवाल्यांनी बायकोला विचारलं.

"दोन. कधी तीन. शेवटी शेवटी चार." ती पडद्याकडे वाकून बघायला लागली. इतक्या वर्षांत ती त्या खुर्चीच्या मागे कधी उभी राहिली नव्हती. "आणि हे काय लिहिलंय? हे शेवटच्या रकान्यात?"

जानेवारीचे जुने तक्ते उघडे होते. काचवाल्यांनी ते झाकायला हात पुढे केला आणि मग तसाच ठेवला.

तिने तिन्ही वर्षांचं वाचलं. एकेक शब्द, सावकाश.

"बदल नाही," ती म्हणाली. "बरं."

आत जाऊन तिने थर्मास विसळला आणि चहा टाकला.

मास्तरांचं पत्र आलं की कारण मान्य, पेटी वहीत जाईल, आणि तक्त्यातल्या चुकीच्या नोंदीबद्दलही नियमाप्रमाणे शेजारी लिहा. काचवाले बराच वेळ त्या रकान्यासमोर बसले. सवयीने त्यांना मोजकं, कोरडं काहीतरी सुचत होतं. शेवटी त्यांनी लिहिलं:

'या तीन वर्षांत पेटीशेजारी रोज दोन ते चार ओल्या चादरी वाळत होत्या, सकाळी दहा ते दुपारी चार. माझी आई अंथरुणावर होती. चादरी माझी बायको धूत असे. तक्ता भरणाऱ्याच्या हे लक्षात आलं नाही. तारखा तिच्या वहीतून.'

"वाचून दाखवू?" त्यांनी स्वयंपाकघराकडे बघून विचारलं.

"नको," ती म्हणाली. "चहा निवतोय."

ते उठले. पेटी पुन्हा खिळ्यावर टांगली, वायर जोडली. गंजलेले हूक काढावेत असं एकदा मनात आलं, पण पक्कड शोधायचंही त्राण नव्हतं, आणि काढावेतच असं वाटेना. दुपारी बाराचा आकडा आपोआप वहीत गेला. त्याच्या कितीतरी वर, ओळीने, तीन जानेवारींचं 'पेटीभोवती बदल नाही' तसंच राहिलं. खोडायची सोय नव्हती.