दुसऱ्या बाईचा नंबर

मोबाईल मी घेतला तो नवऱ्याचा आवाज ऐकता यावा म्हणून. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. तो परभणीला कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात कारकून होता. मी जवळच्या बंजारा तांड्यावरच्या शाळेत शिक्षिका होते आणि जवळा बाजारला भाड्याच्या खोलीत एकटी राहायची. शनिवारी संध्याकाळी तो यायचा, सोमवारी सकाळच्या एसटीनं परत जायचा. तेव्हा आमच्या भागात नुकतेच टॉवर उभे राहिले होते. खोलीत रेंज यायची नाही, म्हणून मी गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बोलायची.

सिमकार्ड घेऊन चार दिवस झाले असतील. शाळेतून येऊन गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते, तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर होता.

"लागला एकदाचा," एक पुरुष म्हणाला. आवाज शांत होता. "किती महिने झाले रोज लावून राहिलो. काहून बंद ठेवला होता?"

"कोण पाहिजे तुम्हाला?"

"आवाज बदलून बोलू नको. घरी ये. मी काही म्हणत न्हाई तुला."

"राँग नंबर आहे," म्हणून मी फोन ठेवला. पाच मिनिटांनी पुन्हा वाजला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वाजला, संध्याकाळी वाजला. तो कधी ओरडायचा नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटायची. एकदा म्हणाला, "लेकरू तुझ्यासाठी रडून राहिलंय. त्याची तरी दया येऊ दे." एकदा म्हणाला, "सापडशील तेव्हा बघ." दोन्ही वाक्यं एकाच सुरात.

मी फोन बंद ठेवू लागले, तर नवरा शनिवारी आल्या आल्या विचारू लागला, "फोन घेतलाय कशाला मग? लागत तर कधीच नाही." मी चार्जिंगचं, लाइटीचं कारण सांगितलं. एक परका पुरुष मला रोज फोन करतो, हे त्याला सांगायची हिंमत झाली नाही. तो भला माणूस होता. पण वर्षभराच्या ओळखीवर बायकोच्या फोनमधल्या पुरुषाच्या आवाजाचं तो काय करेल, याची मला खात्री नव्हती.

मग माझ्या हातून चूक झाली. एके दिवशी मी वैतागून त्या माणसाला म्हणाले, "अहो, मी तुमची बायको नाही. जवळा बाजारला राहते, तांड्यावरच्या शाळेत बाई आहे. कुणालाही विचारा."



"असं व्हय," तो म्हणाला. "जवळा बाजार. मग येतोच बघायला."

टाकीचं गार सिमेंट पाठीला लागत होतं आणि मला घाम फुटला होता.

त्याच आठवड्यात रजा टाकून हिंगोलीला कंपनीच्या ऑफिसात गेले. काचेचं दार, आत थंड हवा, टाय घातलेला पोरसवदा कर्मचारी. त्यानं संगणकात बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, हा नंबर आधी दुसऱ्या ग्राहकाकडे होता. बरेच दिवस बंद राहिला की कंपनी तो पुन्हा विकते."

"त्या बाईचं नाव, गाव?"

"ते सांगता येत नाही. माहिती गुप्त असते."

"मग त्या माणसाचे फोन बंद करा."

"तशी सोय नाही. तुम्ही पोलिसात जा, नाहीतर नंबर बदलून घ्या. हा फॉर्म."

पोलिसात गेले तर गोष्ट नवऱ्यापर्यंत, सासरपर्यंत जाणार. मी फॉर्म पर्समध्ये ठेवला आणि स्टँडवर आले. जवळा बाजारच्या गाडीत बसल्यावर पहिल्यांदा प्रत्येक पुरुषाचा चेहरा नीट बघितला. यांच्यातलाच तो कुणी असेल, तर मला कळणार तरी कसं?

फॉर्म भरून द्यायचाच होता. पण दुसऱ्या दिवशी नाणं टाकून बोलायच्या एका कॉइन बॉक्सवरून फोन आला. म्हाताऱ्या, थकलेल्या बाईचा आवाज होता.

"माय, तूच हायस ना गं? बोल की."

मी तिला समजावलं, की नंबर आता माझ्याकडे आहे. ती म्हणाली, "भिंतीवर कोळशानं लिहून ठिवलाय म्या. माझ्या लेकीचा हाय हा. नवरा मारायचा गं तिला. एक दिस लेकरू घेऊन निघून गेली. जित्ती हाय का न्हाई, तेवढं तरी..." आणि नाणं संपून फोन कट झाला.

लेकरू घेऊन निघून गेली. मी ते वाक्य परत परत ऐकत राहिले. तो तर म्हणाला होता, लेकरू घरी रडतंय.

त्यानंतर मी फोन चालूच ठेवला. त्याचे फोन आले की उचलत नव्हते, पण मोबाईल बंद करवत नव्हता. आणि आठ-दहा दिवसांनी म्हातारीची लेक स्वतः बोलली. खूप हळू, मागे कसल्या तरी यंत्राची घरघर.

"ताई, हा नंबर आता तुमच्याकडं हाय का?"

"हो. तुमची आई फोन करते यावर."

ती रडू लागली. "तिला दुसरा नंबर ठाव न्हाई, म्हणून लावून बघितला. सिम म्याच मोडून टाकलं होतं. तिला सांगाल का, मी बरी हाय, लेकरू माझ्यापाशी हाय? मी कुठं हाय ते इचारू नका. आन त्याला..."

"त्याला काही सांगणार नाही," मी म्हणाले. बोलून गेले आणि मग लक्षात आलं, की आता मला सांगण्यासारखं काहीतरी ठाऊक होतं.

तो आला बुधवारी. आमचे मुख्याध्यापक औंढ्याला मीटिंगला गेले होते. शाळेत मी, पोरं आणि मागच्या शेडमध्ये खिचडी शिजवणारी तांड्यावरची बाई. दारात एक किडकिडीत माणूस उभा राहिला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पासपोर्ट साइजचा फोटो. पहिल्याच शब्दाला मी आवाज ओळखला.

"बाई तुमीच का?"

मी टेबलाला धरून उभी राहिले. त्यानं माझ्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, परत माझ्याकडे. "तुमी न्हाई," तो म्हणाला आणि जरा ओशाळून हसला. "माफ करा. लई तकलीफ दिली."

मला वाटलं, सुटले. पण तो गेला नाही.

"तिचा फोन आला होता का तुमाला? खरं सांगा. लेकरू लई आजारी हाय. आईबिगर खात न्हाई."

बोलताना त्याचे डोळे भरले होते. खरंच भरले होते. फोनवरची ती यंत्राची घरघर आणि तिचं रडणं मला ऐकू आलं नसतं, तर मी त्याच्यावर विश्वास ठेवला असता.

"नाही," मी म्हणाले. "तुमच्याशिवाय कुणाचा फोन आला नाही."

"तिच्या आईचा?"

"नाही."

"मोबाईल बघू."

त्यानं हात पुढे केला. फोन माझ्या पर्समध्ये होता, पर्स खुर्चीवर, खुर्ची त्याच्या हाताला लागेल एवढ्या अंतरावर. पोरं गप्प झाली होती. तेवढ्यात खिचडीवाली बाई मागच्या दारानं आत आली. हातात गरम उलथनं तसंच होतं. ती माझ्या आणि खुर्चीच्या मध्ये येऊन उभी राहिली आणि त्याला म्हणाली, "काय काम हाय? सायेब न्हाईत. पोरांची जेवायची येळ झाली. जा आता."

त्यानं फोटो खिशात ठेवला आणि तो गेला. मी खिडकीतून बघितलं, तर तो रस्त्याच्या कडेला बाभळीखाली बसला होता. शाळा सुटेपर्यंत तिथंच होता. त्या दिवशी खिचडीवाली बाई माझ्यासोबत चालत पार जवळा बाजारपर्यंत आली. वाटेत तिनं एक शब्दही विचारला नाही.

म्हातारीचा फोन यायला आणखी बारा दिवस लागले. ते बारा दिवस मी दाराला आतून कडी घालून, वर खाट लावून झोपले. फोन आला तेव्हा निरोप एका दमात सांगितला, नाणं संपायच्या आत. "बरी आहे. लेकरू तिच्यापाशी आहे. भिंतीवरचा नंबर पुसून टाका मावशी, आणि यावर परत फोन करू नका."

"बरं माय," ती म्हणाली. दोनदा म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी फॉर्म भरून दिला. नवऱ्याला सांगितलं, त्या नंबराला रेंज बरोबर येत नव्हती.

खरं काय ते मी त्याला खूप वर्षांनी सांगितलं, आमची मुलगी कॉलेजात गेल्यावर. ऐकून तो म्हणाला, "मला तेव्हाच सांगायचं होतंस."

"तेव्हा तुम्ही काय म्हणाला असतात?"

त्यानं विचार केला. खोटं बोलायचा त्याचा स्वभाव नाही, म्हणून काहीच बोलला नाही.