पिशोरची रिकामी खेप

ट्रान्सपोर्टच्या धंद्यात किस्से साठतात ते गोदामात पडून राहिलेल्या पार्सलांसारखे. न्यायला कुणी येत नाही, फेकून देववत नाही, आणि वर्षं गेली की आत नेमकं काय होतं तेही थोडं बदलतं. मी बुकिंग क्लार्क. माझ्या सांगण्यात कुठं काही वाढलेलं वाटलं, तर वाहतुकीत झालं असं समजा.

आमचं ऑफिस क्रांती चौकाच्या अलीकडं, एका टायरवाल्याच्या डोक्यावर. शहराला तेव्हा औरंगाबादच म्हणत. मालक अन्वरभाई, आणि त्यांचा सगळ्यात भरवशाचा ड्रायव्हर लक्ष्मण. लक्ष्मणची बायको शोभा पिशोर गावची. लग्नाला दोन वर्षं झाली नसतील, ती चिडून माहेरी जाऊन बसली. ती परत येते का नाही, ह्यापायी आमच्या ऑफिसात त्या वर्षी जे जे झालं, ते सांगतो.

•

लक्ष्मण महिना-महिना गाडीवर. घरी आला की त्याला झोप यायची नाही. इंजिनाच्या घरघरीची सवय, घरातली शांतता त्याला टोचायची. शोभानं उपाय काढला. त्याच्या खाटेला चिकटून शिलाई मशीन मांडली आणि पाय मारायला सुरुवात केली. मशीन चालू, लक्ष्मण गाढ. मशीन थांबली की हा उठून बसणार आणि विचारणार, "काय झालं, पंक्चर?"

ती बिचारी मग थांबेचना. आपले परकर झाले, शेजाऱ्यांच्या उशा झाल्या. एका सुट्टीत तर सगळ्या गल्लीचे पडदे शिवून झाले. ज्यांच्या घराला खिडकी नव्हती, त्यांनाही पडदे मिळाले.

सुट्टी संपली, हा ताजातवाना होऊन गाडीवर गेला. दोन शब्द बोलायचे राहिले ते राहिलेच.

•

ती गेली ते मात्र एका शेजारणीमुळं. नवी राहायला आलेली बाई एकदा सहज म्हणाली, "ताई, तुमच्याकडं अधूनमधून एक पाहुणे येतात, लई सभ्य दिसतात. कोण हो ते?"

शोभानं त्या दिवशी पिशवी भरली.

लक्ष्मण ऑफिसात येऊन बाकावर बसला. "मी पाव्हणा झालो भाई," एवढंच म्हणाला. अन्वरभाईंनी चहा मागवला, तो तसाच गार झाला.

•

आता, जाऊन आणावं की बायकोला, असं तुम्ही म्हणाल. पण लक्ष्मणची सुट्टी संपलेली, आणि ट्रक न्यायचा तर अन्वरभाईंचा कायदा आडवा. सरकारचे कायदे पुष्कळ होते. परमिट, पासिंग, माल किती भरायचा, बिल्टीच्या पावतीवर काय लिहायचं. अन्वरभाईंचा एकच होता: रिकामी गाडी हलणार नाही.

"खाली गाडी चली तो डिझल नहीं मियाँ, मेरा खून जलता," म्हणायचे.

एकदा नागपूरहून परतीचा माल मिळेना. अन्वरभाईंनी फोनवरून तिथल्या एका मास्तरला औरंगाबादच्या हवेचं इतकं कौतुक ऐकवलं की त्यानं बदली मागून घेतली, आणि आमची गाडी त्याचं घरसामान घेऊन भरून आली. मास्तर अजून इथंच आहेत. हवेबद्दल विचारलं की बोलत नाहीत.

•

तर पिशोरला भाडं शोधणं सुरू झालं. मोंढ्यातल्या एका व्यापाऱ्यानं सरकी पेंड दिली. लक्ष्मण पेंड घेऊन पिशोरला गेला, सासऱ्याच्या ओट्यावर बसला, पाणी प्यायला, परत आला. पुढच्या आठवड्यात पुन्हा पेंड. नंतर पुन्हा पेंड.

शेवटी पिशोरच्या दुकानदाराचा फोन आला. मीच घेतला.

"साहेब, पेंड थांबवा. म्हशी तेवढ्याच हायेत आमच्या, आन् आता त्यांनीबी तोंड फिरवलंय."

"लक्ष्मणचं काय झालं?" मी विचारलं.

"ती पोरगी म्हणती, पेंड पोचवायला येतो, जाता जाता माझ्या दारात टेकतो. मी काय परतीचा माल हाये व्हय?"

मी हे अन्वरभाईंना जसंच्या तसं सांगितलं.

"सही बोलती," म्हणाले. मग गाडीची किल्ली लक्ष्मणपुढं सरकवली. "खाली जा."

"कुठं खाली?" लक्ष्मणला वाटलं, जिन्यानं.

"पिशोर. खाली गाडी लेके. एक बोरा नक्को, एक खोका नक्को." मग माझ्याकडं वळले. "तू भी जा. ये वहाँ जाके गूँगा हो जाता."

क्लीनरला मागं ठेवलं आणि आम्ही निघालो. रिकामा ट्रक रस्ताभर खडखडत होता. वळणावर मी मागं पाहिलं, तर अन्वरभाई तोंड फिरवून उभे होते.

•

पिशोरात शोभा दारात आली. लक्ष्मणकडं पाहिलंच नाही, सरळ ट्रकच्या मागं गेली. फाळक्यावरून टाचा उंचावून आत बघितलं.

"काय आणलंय?"

लक्ष्मण हातातली किल्ली फिरवत राहिला. मी बोलायला गेलो, तर तिनं हातानंच थांबवलं.

"काय नाय आणलं," लक्ष्मण म्हणाला. "तुला न्याया आलोय."

ती आत गेली, पिशवी घेऊन आली. केबिनमध्ये चढताना एवढंच म्हणाली, "मधीच कुठं उतरवलं, तर तिथनंच माघारी फिरंन. सांगून ठेवते."

•

आणि पडेगावजवळ, शहर डोळ्यांपुढं दिसत असताना, तपासणीच्या साहेबांनी हात केला.

कागद बघितले, मग केबिनमध्ये डोकावले. माझ्याकडं बोट. "हे?"

"मालकाचा माणूस, साहेब," लक्ष्मण म्हणाला.

"आणि ह्या बाई? मालाच्या गाडीत सवारी चालत नाही. उतरवा त्यांना, बसनं येतील."

लक्ष्मणचे हात स्टिअरिंगवर आवळले. शोभा पिशवी मांडीवर घेऊन समोर बघत होती.

मी म्हणालो, "साहेब, त्याची बायको आहे."

"असेल. नियमात बायको नाही. गाडीमालकाचा माणूस, ड्रायव्हर, क्लीनर, नाहीतर ज्याचा माल आहे तो. ह्यातल्या कोण ह्या?"

मी काही बोलायच्या आत शोभा म्हणाली, "ज्याचा माल हाय, ती."

साहेब मागं गेले. फाळक्यावरून आत बघून परत आले.

"गाडी तर रिकामी आहे. माल कुठंय?"

शोभानं लक्ष्मणच्या दंडाला हात लावला.

"ह्यो काय. घरी पोचवायचाय."

साहेबांनी लक्ष्मणकडं पाहिलं. लक्ष्मण नाकासमोर रस्ता बघत होता, मान न वळवता बाहीनं गाल पुसत होता. साहेबांनी कागद घडी करून माझ्या हातात दिले आणि गाडीवर थाप मारली.

"न्या," म्हणाले. "पण बाई, माल गळतोय. तेवढं बघा."