पुसू ना?

आमच्या ऑफिसात साफसफाई करणाऱ्या शोभाताई फळा पुसण्याआधी विचारतात, "मॅडम, पुसू ना?" फळ्यावर नुसती एक तिरकी रेघ असली तरी विचारतात. मला पूर्वी याचा वैताग यायचा.

नोकरभरतीच्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका लिहिणं हे माझं काम. सध्या उमेदवाराची नोंद कायमची काढून टाकायच्या सोयीबद्दल लिहितेय. ते वाचणार एआय एजंट, म्हणजे माणसाच्या वतीने सॉफ्टवेअर चालवणारा प्रोग्रॅम, आणि तो वाचेल तसंच करणार. मी लिहिलं होतं, "नाव द्या, नोंद काढली जाईल." सुटसुटीत वाक्य, मी त्यावर खूशही होते. आज सकाळी शोभाताईंचा प्रश्न कानावर पडला आणि मी ते वाक्य पुन्हा वाचलं. पुसणाऱ्याला काय माहीत, कुठल्या रेघेत कुणाचा जीव अडकलाय! मी घाईघाईने खाली एक ओळ वाढवली: "एकाच नावाच्या दोन नोंदी दिसल्या, तर थांबा आणि माणसाला विचारा."

दुपारी खोट्या नोंदींवर चाचणी घेतली. एजंटला स्नेहा पाटीलची नोंद काढायला सांगितली. पाटील काय, आमच्याकडे पायलीचे पन्नास. पडद्यावर उत्तर उमटलं: "एक स्नेहा रमेश पाटील, दुसरी स्नेहा सुरेश पाटील. कोणाची काढू?"

मी खुर्चीत मागे रेलले. उद्या खऱ्या नोंदी येतील. मुलाखतीच्या फोनची वाट बघणारी एखादी स्नेहा यादीतून परस्पर गायब होणार नाही.

संध्याकाळी शोभाताई फडकं घेऊन आल्या. फळा कोराच होता.

"पुसू ना?"

"पुसा," मी म्हटलं. "आणि उद्याही विचारा."