निळी सुतळी

एप्रिलातल्या खरड छाटणीआधी द्राक्षवेली तारेला बांधलेल्या जुन्या गाठी कापताना प्लास्टिकची निळी सुतळी बोटांना लागली, की मला तो किनारा आठवतो. तेव्हा मी फौजेत होतो आणि दक्षिण ध्रुवाकडच्या संशोधन तळावर गाड्या दुरुस्त करायला वर्षभर गेलो होतो. एका सकाळी तळावरचे डॉक्टर मला सोबत घेऊन समुद्राकडे निघाले. झाड नाही, वस्ती नाही, नुसता काळा खडक आणि कुजक्या माशांचा वास. खडकाच्या कपारीत समुद्रपक्ष्याचं पिल्लू होतं. त्याच्या पायाला निळी सुतळी आवळलेली. पाय वाढत गेला आणि सुतळी मांसात रुतली. पिल्लू ओरडतही नव्हतं, नुसतं माझ्याकडे बघत होतं. "ही इथं आली कुठून?" डॉक्टर म्हणाले. मी चाकूनं सुतळी कापली, तर तिच्यासोबत पायही गळून पडला. परवा बागेत सुतळीच्या तुकड्यांचा ढीग झाला, तेव्हा थोरला भाऊ बांधाखालच्या ओढ्याकडे बोट दाखवत नेहमीसारखा म्हणाला, "वड्यात ढकल रं. पाऊस झाला की जातंय समदं वाहून." मी तोंड उघडेपर्यंत त्यानं पायानं ढीग लोटलाही. वाहून कुठं जातं, ते आमच्या घरात फक्त मी बघितलंय.