टाकीतला गाळ

सासऱ्यांची जुनी गाडी कित्येक वर्षं आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत कव्हर घालून उभी होती. सासूबाई गेल्यावर त्यांनी ती पुन्हा चालू करून घेतली. गुडघ्यांमुळे त्यांना क्लच दाबवत नव्हता, म्हणून चालवायला मला बसवलं.

पण टिटवाळ्याच्या रस्त्याला लागलो की गाडी आचके द्यायची आणि बंद पडायची. गॅरेजवाल्याने दोनदा कार्बोरेटर साफ केला, तरी तेच. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा आम्ही रस्त्याकडेला थर्मासमधला चहा पीत बसलेलो. चहा संपल्यावर मी सहज किल्ली फिरवली, तर गाडी सुरू!

"बाबा, दर वेळी असंच होतं. थोडं थांबलो की चालते."

बाबा रिकामा कप हातात धरून विचार करत राहिले. "म्हणजे कचरा टाकीत आहे गं. पेट्रोल ओढलं की पाइपच्या तोंडाशी येऊन बसतो. इंजिन थांबलं की सुटून खाली जातो."

रविवारी पार्किंगमध्ये कामाला लागलो. बॅटरीची वायर सोडली. टाकीकडून येणारी नळी मी इंजिनापाशी काढली आणि सायकलच्या पंपाने उलटी हवा मारली. बाबा टाकीच्या पेट्रोल भरायच्या तोंडाशी कान लावून उभे.

"गुडगुडतंय!" ते एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या काकू गॅलरीत आल्या.

टाकीखालचा बोल्ट सोडल्यावर बादलीत तपकिरी पेट्रोल आलं, मागोमाग पाणी आणि गंजाचे पापुद्रे. मग टाकीच उतरवली. आतला गंज सुटावा म्हणून बारीक खडी आणि थोडं डिझेल घालून दोघांनी दोन टोकांना धरून ती खळाखळा हलवली. बाबांना हसू आवरेना. सासूबाई गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. नवरा जेवायला हाका मारून दमला.

रबरी नळ्या आतून भुसभुशीत झालेल्या. त्या आणि फिल्टर नवे टाकले, लोखंडी पाइप हवा मारून मोकळा केला.

पुढच्या रविवारी निघालो. टिटवाळा कधी मागे पडला कळलंच नाही. खडवलीला मी विचारलं, "वळवू?"

बाबांनी काच खाली केली. "कशाला? रस्ता चांगला आहे. चल अजून थोडं."