तुमी सोमवारी येवा

काल गादीवाल्याने दारात कापूस पिंजला आणि तो धुळकट वास नाकात शिरताच माझं डोकं तापलं. संप मोडल्यावर बाबांना गिरणीत परत घेतलं होतं, कापूस पिंजायच्या खात्यात. त्याच सुमारास एका इस्पितळातले डॉक्टर लालबागला आमच्या चाळीत आले, कापसाच्या धुळीने कामगारांची छाती बिघडते का ते शोधायला. शनिवारची दुपार, गॅलरीत टेबल, त्यावर स्पिरिटचा वास. बाबांनी श्वासाचा जोर मोजायच्या नळीत फुंकलं, काटा बऱ्यापैकी वर गेला. बाबा म्हणाले, "सायब, तुमी सोमवारी येवा. आयतवारची सुट्टी झाली की सोमवारी कामार गेल्याबरोबर छाती आवळता. शनिवारपर्यंत परत सुटता." मागची अख्खी रांग माना हलवत होती, खात्यातल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. डॉक्टरांनी कागदावरून मानही वर केली नाही. "सोमवारी आम्हाला ओपीडी असते. आणि काका, विचारलं तेवढंच सांगा." त्यांनी फॉर्मवर 'त्रास नाही' लिहिलं. बाबा उलट त्यांनाच हात जोडून बाजूला झाले. त्या जोडलेल्या हातांचाही मला अजून राग येतो. ते खोकून खोकूनच गेले. गेल्या महिन्यात यंत्रमाग कामगारांच्या दम्यावरच्या संशोधनाच्या बैठकीला मला रुग्णांच्या बाजूने बोलायला बोलावलं होतं. फॉर्म आधीच छापून तयार! संशोधन करणाऱ्या साहेबांनी हसून विचारलं, "काही सूचना?" मी म्हटलं, "तपासणी कोणत्या वारी करणार?" त्यांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. वाराचा रकानाच नव्हता.