जकार्त्याचा फोन

"बलूम म्हणा, दादा, बलूम!" आमचा पेइंग गेस्ट ओरडत होता आणि मी रिसीव्हरवर तळहात दाबून धरला होता. दोन वर्षं हा विद्यार्थी आमच्या कसबा पेठेतल्या घरात राहत होता, पण जिना उतरायचा तोही पायऱ्यांची परवानगी घेतल्यासारखा. त्याचा आवाज आमच्या मांजरानेसुद्धा ऐकलेला नव्हता.

फोनवर जकार्त्याची एक बँक होती. आमच्या कंपनीला तिथे वर्षभरासाठी एक प्रोग्रामर पाठवायचा होता, आणि इंडोनेशियन मला मातृभाषेसारखी येते, असं मी साहेबांना सांगून बसलो होतो. येत होती ती तीन आठवड्यांची. मास्तर हाच. फी म्हणून शेंगदाण्याची चटणी. ती तो भाताला, पोळीला आणि माझ्या अंदाजाने उशीलाही लावून खायचा.

गडी जावा बेटावरचा. आईशी जावानीज बोलायचा. त्यात वडीलधाऱ्यांसाठी शब्दच निराळे, आपल्या अहो-जाहोच्या वर चार मजले. बालीच्या मित्राशी मात्र इंडोनेशियन. या भाषांचं कुळ मादागास्करपासून हवाईपर्यंत पसरलंय, पाचाला हवाईतही 'लिमा'च म्हणतात, हे त्यानेच सांगितलं. त्यांचे पूर्वज होड्यांतून अर्धी पृथ्वी फिरले. मला लक्ष्मी रोड ओलांडायचा तर घरी सांगून निघावं लागतं.

त्याने एकच नियम घोटून घेतला होता. अमुक केलंय का, असं कुणी विचारलं आणि केलेलं नसलं, तरी 'तिदाक', म्हणजे 'नाही', म्हणायचं नाही. 'बलूम' म्हणायचं, 'अजून नाही'. त्यांच्याकडे ऐंशीच्या ब्रह्मचाऱ्याला लग्नाचं विचारलं तर तोही बलूम म्हणतो. दार लावायचं नाही, नुसतं लोटून ठेवायचं.

फोनवरच्या बाईंनी विचारलं, पूर्वी जकार्त्याला आला होतात? तिदाक. टीम सांभाळली आहे? तिदाक. लग्न झालंय? तिदाक. आमचं मंडईजवळ तीन पिढ्यांचं दुकान. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत 'नाही' म्हणायची सवय रक्तातली, ती तीन आठवड्यांत कुठे जाणार? सातव्या तिदाकला तो ओरडला.

मी हात काढला. बाई विचारत होत्या, "आमच्याकडे काम करायची इच्छा आहे ना?"

"बलूम," मी ठणकावून सांगितलं.

मग बाई इतकं गोड बोलल्या, इतके आभार मानले, की फोन ठेवेपर्यंत मी मनातल्या मनात बॅग भरलीसुद्धा.

"घेतील ना रे मला?" मी त्याला विचारलं.

दोन वर्षांत त्याने आमच्या घरात कुणालाही नकार दिलेला नव्हता. कारलं आवडतं का, यालाही त्याचं उत्तर 'अजून नाही' असंच असायचं. त्याने बोटाची चटणी पुसली आणि स्वच्छ कसबा पेठेतल्या मराठीत म्हणाला,

"नाही."